बायोला उडी येत नव्हती

शालनताई पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांनी नाव सांगितलं नाही की पाणी मागितलं नाही. दारात चपला काढल्या आणि उजव्या पायाची टाच फरशीवर दोनदा आपटली. चार पावलं आत येऊन पुन्हा दोनदा.

"खाली पोकळ नाय," त्या म्हणाल्या. "लागणार."

अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. खाली बाटल्यांची झाकणं बनवणारं मशीन दिवसभर धडधडायचं. वर मी आणि नितीन. नितीन प्रोग्रामिंग करायचा, मी चित्रं काढायची आणि ती हलती करायची. दोघांनी बऱ्या नोकऱ्या सोडून एक व्हिडिओ गेम करायला घेतला होता आणि त्या दिवशीपर्यंत तरी त्या गेममध्ये जीव नव्हता.

गेम असा: खाडीखाली बुडालेलं एक शहर. त्याच्या तळाशी एक मुलगी जागी होते आणि तिला वर यायचं असतं. अख्खं शहर म्हणजे एकच मोठा नकाशा, निम्म्याहून जास्त वाटा सुरुवातीला बंद. वाटेत तिला एकेक कसब मिळत जातं आणि त्याच्या बळावर आधी अडलेल्या जागी परत येऊन पुढे जाता येतं. या जातीच्या गेमना मेट्रॉइडव्हेनिया असं तोंडात न मावणारं नाव आहे आणि जगभर लोक ते वेड्यासारखे खेळतात. आमच्यात वेगळं एकच होतं, नितीनचा हट्ट. असल्या गेममध्ये पहिलं बटण उडीचं असतं. आमच्या मुलीला उडी नव्हती. ती चालायची, वाकायची, बस. वर जायचं तर मार खाऊनच. खेकड्यासारख्या एखाद्या पहारेकऱ्याने नांगी हाणली की ती फेकली जायची, आणि कुठल्या दिशेला फेकलं जायचं ते खेळणाऱ्याने तेवढ्या क्षणात ठरवायचं.

कागदावर हे झकास होतं. पडद्यावर ती मुलगी बाटलीच्या बुचासारखी उडत होती. चार महिने मी ती हालचाल काढत होते आणि चार महिने ती खोटी दिसत होती. शेवटी नितीनच्या मामाने एक नंबर दिला. मामा गोरेगावच्या स्टुडिओत लाइटमन होता. "बाई डुप्लिकेट होती," तो म्हणाला. "हिरॉइनच्या जागी मार खायची. पंचवीस वर्षं खाल्ला."

त्या तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत्या. ठेंगण्या, काटक. डाव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड मोडून वाकडंच जुळलेलं, त्याचा उंचवटा कुडत्याच्या गळ्यातून दिसायचा. चालताना उजवीकडे किंचित कलायच्या. मी खुर्ची पुढे केली. त्यांनी ती उचलून भिंतीला टेकवली आणि मग बसल्या. पाठ उघडी ठेवून त्या कुठेच बसत नसत.

मी गेम सुरू केला. खेकड्याने नांगी मारली, मुलगी उडाली.

"परत."

परत उडाली.

"परत." तिसऱ्यांदा बघून त्या हसल्या. "हिला मारलंय हे हिला कळलंच नाय गो. कोणीतरी सांगितलं उड, म्हणून उडाली." मग नितीनकडे वळल्या. "शेठ, उठ. मला मार."

"काय?"

"इथे." त्यांनी जबड्यावर बोट ठेवलं. "घाबरू नको. हात उचल नि फिरव."

नितीनने आयुष्यात कुणावर हात उचलला नसेल. त्याने डोळे अर्धवट मिटून कसाबसा हात फिरवला. तो जबड्यापासून वीतभर लांब असतानाच शालनताईंची मान झटक्यात वळली, मागून खांदा, त्याच्या मागून कंबर, आणि ती बाई माझ्या खुर्चीवरून पलीकडे गेली. खुर्ची आडवी. पाण्याची बाटली भिंतीवर. अंग फरशीवर आपटल्याचा आवाज इतका मोठा झाला, की खालचं मशीन थांबलं आणि दोन कामगार जिना चढून वर आले. मी किंचाळले होते. नितीन स्वतःच्या हाताकडे बघत उभा होता, पांढराफटक.

शालनताई फरशीवर तशाच पडून होत्या, एक पाय खुर्चीत अडकलेला. त्यांनी त्या दोन कामगारांना विचारलं, "चहा कोण आणता?" आणि मला म्हणाल्या, "आता काढ."

अशा त्या आमच्याकडे लागल्या. आठवड्यातून तीन दुपारी. कांदिवलीच्या एका बंद पडलेल्या व्यायामशाळेतून आम्ही जाडजूड गादी आणली. दोन बाजूंना दोन मोबाइल लावायचो, त्या पडायच्या, मी ते चित्रण एकेक क्षण थांबवून त्यावरून रेघा काढायची. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पोरीचं नाव काय?" नितीन म्हणाला, "प्लेयर वन." "हे काय नाव? मार खाणाऱ्या माणसाला नाव पायजे. बायो म्हणा." तेव्हापासून ती बायो.

त्यांचे आईवडील मालवणकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर कुठेकुठे रखवालदारी करत राहिले. शालनताई जन्मल्या-वाढल्या इकडेच, त्यामुळे बोलणं मुंबईचं. पण राग आला किंवा फार लागलं, की थेट मालवणी. 'दुखतंय' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. "आज खुबा बोलतोय," म्हणायच्या. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या तो पडेल कसा यावरून ओळखायच्या. इस्टेटचा वॉचमन बसकण मारून पडेल. नितीन हात पुढे टाकून मनगट मोडून घेईल. मी? "तू पडणारच नाय, तू आधी रडशील." सिनेमे बघत नसत. पालीला मात्र इतक्या भ्यायच्या, की एकदा पाल दिसली म्हणून टेबलावर चढून बसल्या आणि नितीनने ती हाकलेपर्यंत उतरल्या नाहीत.

शिकवताना त्यांची वाक्यं छोटी असायची. "मार हातात दिसत नाय, खांद्यात दिसतो." "पडताना जीभ आत." "हवेत हात पसरू नये, हवेत धरायला काय नसतं."

तरीही माझी चित्रं त्यांना पटेनात. दोन महिने झाले होते. एका दुपारी त्यांनी पडदा बघितला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "तू कधी मार खाल्लायस?"

"नाही."

"आईचा? शाळेत?"

"नाही हो, ताई."

"म्हणून. सगळं बघून काढतेस." पुढे येऊन म्हणाल्या, "देऊ एक?"

मी हसत 'द्या' म्हटलं. मला वाटलं, खांद्यावर चापट असेल. त्यांनी माझ्या कानशिलात अशी लगावली, की माझा चष्मा गादीपलीकडे जाऊन पडला. काही दिसेना, कानात शीळ वाजायला लागली. तोंडात गरम काहीतरी, दात गालाला लागून रक्त आलं होतं. दुखण्यापेक्षा वाईट होतं ते दुसरंच. क्षणभर मी कोण, कुठे, काहीच नव्हतं. होता तो फक्त गाल. आणि मग राग, आणि रागाच्या आधी लाज. लाज कशाची ते अजून मला सांगता येत नाही. मी रडायला लागले. नितीन ओरडला, "ताई, हे जास्ती झालं!"

त्यांनी चष्मा शोधून पदराने पुसावा तसा ओढणीने पुसून माझ्या हातात दिला, खाली जाऊन स्वतः चहा घेऊन आल्या आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहिल्या. "परत नाय मारणार," एवढंच म्हणाल्या. परत मारलंही नाही. त्या संध्याकाळी मी बारा चित्रं काढली. मार लागल्यावर बायोचं तोंड आधी रिकामं होतं आणि मग वेदना येते, ते याच चित्रांत. ती मी पुढे कधी बदलली नाहीत. पण मी त्यांना त्या थपडेबद्दल पूर्ण माफ केलं असं म्हणणंही खोटं ठरेल.

बायोच्या प्रत्येक कसबामागे शालनताईंच्या अंगावरची एखादी जागा होती. पहिलं कसब 'आगाऊ'. मार लागायच्या निमिषभर आधी बटण दाबलं, की बायो आधीच पडते; मार कमी लागतो आणि ती दुप्पट लांब जाते. हे नाव त्यांचंच. सुक्या बांगड्याचं कालवण आणि भात खाता खाता त्यांनी त्याची गोष्ट सांगितली. वडील पट्ट्याने मारायचे. दारू प्यायल्यावर मारायचे असं नाही, दारू नसली की मारायचे. आठव्या वर्षी शालनताईंच्या लक्षात आलं, की पोरगी जोरात पडली की बाबा थांबतात. म्हणून त्या पट्टा यायच्या आधीच पडायला लागल्या. मोरीच्या कडेवर, भांड्यांच्या फळीवर, जिथे जास्त आवाज होईल तिथे. "बाबांना वाटायचं, काय ताकद आहे आपल्या हातात. घाबरायचे बिचारे स्वतःलाच."

"बिचारे?" मी म्हटलं.

"मग काय. मी पडले की पाणी आणून द्यायचे ना." आणि बांगड्याचा काटा काढून त्या पुढे जेवायला लागल्या.

दुसरं कसब 'गिरकी'. मार खांद्यावर घेऊन अंग फिरवायचं आणि मारणाऱ्याच्या मागे जाऊन पडायचं. यामागे काच होती. गोरेगावच्या एका सेटवर त्यांना ठोसा खाऊन खिडकीतून बाहेर पडायचं होतं. शूटिंगची काच खोटी असते, लागत नाही. पहिला शॉट बिघडला, खोट्या काचा संपल्या आणि कुणीतरी खिडकीला साधी खरी काच लावली. यांना सांगितलं नाही. झेप घेतल्यावर हवेत असताना त्यांना काचेची चमक वेगळी दिसली. तेवढ्या वेळात त्यांनी अंग फिरवलं, म्हणून तोंड आणि गळा वाचला. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत उसवला. "आतलं पांढरं दिसत होतं," त्या म्हणाल्या, "मला वाटलं कापूस कुठून आला." मारामारी बसवणारा मास्टर धावत आला तो कॅमेऱ्याकडे, शॉट मिळाला का बघायला. मग यांच्याकडे वळून म्हणाला, "छान! एकदम खरं वाटलं."

शालनताईंनी त्याच रक्ताळलेल्या हाताने त्याची कॉलर धरली, त्याला खाली ओढलं आणि कपाळ त्याच्या नाकावर घातलं. नाक मोडल्याचा आवाज सेटवर सगळ्यांनी ऐकला. "तो पण एकदम खरा वाटला," त्या म्हणाल्या. पुढे दोन वर्षं त्यांना कुणी काम दिलं नाही. तिसऱ्या वर्षी मिळालं ते तिसऱ्या मजल्यावरून पडायचं. खाली खोके रचलेले असतात, त्यांतला एक थर सरकलेला होता. खुबा गेला तो तेव्हा. त्यानंतर सिनेमा संपला.

तिसरं कसब त्या आम्हाला करून दाखवायच्या, पण मला ते काढता येत नव्हतं. त्याला त्या नुसतं 'चिकटणं' म्हणायच्या. मारणाऱ्यापासून लांब पळायचं नाही, उलट त्याच्या अंगात शिरायचं, कंबरेला मिठी मारायची. "हाताला फिरायला जागाच नाय ठेवायची. जागा नसली की मारात दम नसतो." नितीनला मिठी मारून त्या दाखवायच्या, आणि तो इतका अवघडायचा, की आम्हाला हसू आवरायचं नाही.

गेम अर्ध्यावर आला तेव्हा एका मोठ्या कंपनीचा माणूस तो बघायला आला. त्यांनी पैसे घातले असते तर आम्ही तरलो असतो. इस्त्रीचा शर्ट, सभ्य बोलणं. तासभर खेळला. मग म्हणाला, "कल्पना ग्रेट आहे. पण एक उडी द्या ना तिला, छोटीशी. आणि हे प्रत्येक फटक्याला... बघवत नाही. थोडं हलकं करा. लोक मजा करायला खेळतात."

नितीन मान डोलवत होता. मला कळत होतं, तो मनातल्या मनात उडी द्यायला तयार झालाय. भिंतीशी बसलेल्या शालनताई उठल्या.

"साहेब, मला जरा ढकला."

"सॉरी?"

"ढकला. दोन हातांनी."

तो हसला, आमच्याकडे बघितलं, आणि हळूच ढकललं. त्या हलल्या नाहीत. "जोरात." त्याने थोडा जोर लावला. शालनताई मागच्या टेबलावरून, टेबलावरच्या कम्प्युटरसकट, पलीकडे गेल्या. कपाळ फुटलं. ते मात्र ठरवलेलं नव्हतं, टेबलाचा कोपरा लागला. त्या माणसाने दोन्ही हात वर धरले, जणू कुणी बंदूक रोखलीय. "मी नाही... मी जोरात नाही ढकललं! मॅडम! सॉरी, खरंच सॉरी..." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

त्या उठून बसल्या. भुवईवरून रक्त नाकापर्यंत ओघळत होतं. "बघवलं नाय ना?" त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "मग बरोबर आहे. हलकं केलं असतं तर तुम्ही अजून एकदा ढकललं असतं."

तो निघून गेला. आठवड्याने नकार आला. नितीन दोन दिवस शालनताईंशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी नवा कम्प्युटर जोडताना मला म्हणाला, "उडी द्यायची नाही." झालं.

आता रेश्माचं सांगायला हवं.

शालनताई कांदिवली पूर्वेला झोपडपट्टीच्या जागी बांधलेल्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावर एकट्या राहायच्या. लांबच लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं. रेश्मा तीन दारं सोडून. पंचवीस-सव्वीसची, शिवणकाम करायची. नवरा तिला मारायचा. सगळ्या मजल्याला माहीत होतं. शालनताई दोनदा मध्ये पडल्या होत्या, दोन्ही वेळा रेश्माच त्यांना म्हणाली होती, "आमच्यात पडू नका."

मग त्यांनी तिला पडायला शिकवलं. दुपारी गच्चीवर गोधड्या टाकून. हे त्यांनी मला अभिमानाने सांगितलं होतं. मी विचारलं, "त्याला उलटं मारायला का नाही शिकवत?" तर म्हणाल्या, "तो ऐंशी किलोचा आहे, ही चाळीस. मारायला शिकवलं तर मरेल. पडायला शिकवलं तर जगेल." आणि काही महिने ते चाललंही. एक फटका बसला, की रेश्मा अशी कोसळायची, की तो घाबरून घराबाहेर निघून जायचा.

एका रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन शालनताईंकडे गेले होते. त्या बोंबील साफ करत होत्या. पॅसेजमधून आरडाओरडा आला, मग भांड्याचा आवाज. शालनताईंचा हात थांबला. त्या कान देऊन ऐकत होत्या. पुन्हा तोच आवाज. पुन्हा.

"पडली नाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ती पडल्याचा आवाज नाय आला. त्याने तिला धरलंय."

त्या तशाच, बोंबलाच्या हातांनी पळाल्या. एवढ्या वेगाने त्यांना चालतानाही मी पाहिलं नव्हतं. रेश्माचं दार आतून बंद होतं. त्यांनी खांदा लावला नाही. कडीच्या बाजूला टाचेने लाथ घातली. एक, दोन, तिसऱ्या लाथेला आतली कडी स्क्रूसकट उखडली.

त्याने रेश्माचे केस डाव्या मुठीला गुंडाळून तिचं डोकं ओट्याच्या कडेवर दाबून धरलं होतं. उजव्या हातात कुकरचं झाकण. ती पडू शकत नव्हती. तिचे पाय फरशीवर घसरत होते, तिचा एक कान दिसत नव्हता इतकं रक्त होतं. पडायची युक्ती त्याला कळली होती.

शालनताई त्याच्या हाताकडे गेल्याच नाहीत. सरळ त्याच्या अंगात शिरल्या, कंबरेला मिठी, डोकं छातीत. तो ओरडला. झाकण त्यांच्या पाठीवर पडायला लागलं. धप. धप. एखादी गादी झोडपावी तसा आवाज. मग त्याने मूठ वळवून डोक्याला शोधायला सुरुवात केली. त्यांना दूर लोटायला त्याला दुसरा हात हवा होता, म्हणून त्याने केस सोडले.

"रेश्मा, भायर पड!" शालनताई ओरडल्या.

रेश्मा उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. मीही दारात उभी होते. लॅपटॉप माझ्या छातीशी धरलेला. माझे पाय हलत नव्हते. किती वेळ? दोन सेकंद, दहा सेकंद. ते मला कधीच कळणार नाही, आणि तेच सगळ्यात जास्त आठवतं.

"बाय! तिका घेवन जा!" हे मला होतं. बोलताना त्यांच्या तोंडातून रक्त आणि दात त्याच्या शर्टावर पडले.

मी रेश्माचं मनगट धरलं. ती खांबासारखी ताठ होती. ओढली. पाच मजले आम्ही अनवाणी उतरलो, आणि वरून ते धप, धप दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं. खालच्या सोसायटीच्या खोलीतून दोन माणसं घेऊन मी वर आले तेव्हा तो जमिनीवर उताणा होता आणि शालनताई त्याच्यावर, अजून मिठी तशीच. त्याच्या खांद्यात त्यांचे दात रुतलेले होते, उरलेले. तो आता मारत नव्हता, रडत होता. पण त्या सोडेनात. त्या दोघांनी त्यांची बोटं एकेक करून उघडली.

दोन दात, तीन बरगड्या, आणि जुना खुबा पुन्हा. रेश्माच्या डोक्याला टाके, एका कानाने ऐकू येणं बंद. पोलीस आले, तक्रार झाली, त्याला नेलं.

हॉस्पिटलात शालनताई खूप वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तिला पडायला शिकवलं गो. निघायला नाय शिकवलं. ती दारापासून चार पावलांवर होती. रोज. रोजच चार पावलांवर होती."

"तिचं चुकलं नाही, ताई."

"तिचं कुठे म्हणते मी? माझं म्हणते. मला तरी कुठे येत होतं निघायला? पंचवीस वर्षं मी मार वापरायचा कसा तेच शिकत बसले."

तो जामिनावर सुटला आणि तीन आठवड्यांत रेश्मा त्याच्याकडे परत गेली. हे ऐकून मी संतापले. शालनताई संतापल्या नाहीत. त्यांनी रोज संध्याकाळी स्वतःचं दार उघडं ठेवून पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसायला सुरुवात केली, इतकंच. चार महिन्यांनी एका सकाळी तो कामावर गेल्यावर रेश्मा शिवणाचं मशीन रिक्षात घालून मुलुंडला मावशीकडे निघून गेली. मशीनचं एक टोक शालनताईंनी धरलं होतं. जाताना कुणी रडलं नाही.

'चिकटणं' मी त्यानंतर काढलं. एका बैठकीत, एकही चित्रण न बघता.

आणि शेवट बदलला. आमच्या गेमच्या शेवटी बायो एका राक्षसासमोर येते, डोंगराएवढ्या. नितीनने त्याच्यासाठी सगळी कसबं एकत्र लागतील असं युद्ध रचलं होतं. शालनताई म्हणाल्या, "त्याच्या मागे दार ठेव."

"जिंकल्यावर उघडतं ना, ताई."

"नाय. आधीपासून उघडं. सरळ चालत गेली तर बाहेर."

"मग लढेल कोण?"

"सगळे लढतील," त्या म्हणाल्या. "तू बघ."

तसंच झालं. गेम आम्ही स्वतःच बाजारात आणला. फार गाजला नाही, बुडालाही नाही. काही लोकांनी त्या दारावरून आम्हाला शिव्या घातल्या, काहींनी लांबलचक पत्रं लिहिली. शालनताईंना स्वतःला तो कधी खेळता आला नाही, मोडून जुळलेली बोटं बटणांवर वेळेत पडायची नाहीत. पण घाटकोपरच्या एका कॉलेजात आम्ही तो खेळायला ठेवला होता, तिथे त्या आल्या होत्या. एक दाढीवाला तरुण शेवटच्या राक्षसाशी पाऊण तास झुंजत होता. बायो आपटत होती, उठत होती, आपटत होती. शालनताई मागे बसून आधी गप्प, मग चुळबूळ, मग दात-ओठ खाऊन बघत होत्या. शेवटी त्यांनी उठून त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "अरे मेल्या, दार उघडं आहे! कशाला मारून घेतोस पोरीला?"

तो दचकून वळला. मग पडद्याकडे बघितलं. मग त्याने बायोला चालवायला सुरुवात केली. राक्षस मागून गर्जना करत राहिला आणि ती चालत बाहेर गेली. पलीकडे मी फक्त खाडीवरचं ऊन काढलं होतं.  शालनताई त्याची पाठ चोळत म्हणाल्या, "लागलं काय रे? सॉरी हां."

खुबा मात्र नीट झालाच नाही. दीड वर्षाने डॉक्टरांनी तो बदलायचं ठरवलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. तिसऱ्या दिवशी, मी भेटायला जायच्या आधीच, रक्ताची एक गुठळी फुफ्फुसात गेली आणि शालनताई गेल्या. मी पोचेपर्यंत सगळं आवरलं होतं. रेश्मा माझ्याआधी आली होती. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो, तिचा चांगला कान माझ्या बाजूला होता.

त्यामुळे माझ्याकडे शेवटची आठवण आहे ती ऑपरेशनच्या सकाळची. त्यांना खाटेवरून स्ट्रेचरवर घ्यायला चार जण आले. दोघे पायांकडे, दोघे डोक्याकडे, चादरीची चार टोकं मुठीत गुंडाळलेली.

"मावशी, हात छातीवर घ्या. आम्ही उचलतो."

शालनताईंनी माझं मनगट पकडलं. "मी उतरते ना. माझी मी."

"नाही मावशी, तुम्ही अजिबात हलायचं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.  "बाय," त्या हळूच म्हणाल्या, "माका कोणी कधी उचलला नाय गो. जड लागान मी त्यांका?"

"नाही लागणार, ताई."

"एक," डोक्याकडचा म्हणाला. "दोन."

त्यांनी माझा हात सोडला. तीनला चौघांनी मिळून त्यांना उचललं. खाटेच्या वर, हातभर उंचीवर, त्या क्षणभर तशाच होत्या. त्यांनी खाली बघितलं, तिथे त्यांच्या अंगाचा खोलगट ठसा उरलेला होता. मग एकेक करून त्या चौघांच्या तोंडाकडे बघितलं, अगदी निरखून. आणि चौघांनी त्यांना हळूच स्ट्रेचरवर ठेवलं. कसलाही आवाज झाला नाही.